एसी घ्यायच्या आधी एकदा स्लॅबवर चढा

मार्च लागला की जळगाव म्हणा भुसावळ म्हणा चोपडा म्हणा, कुठेही जा विषय एकच, कूलर काढला का आणि यंदा एसी घ्यायचा का. पारा ४५ च्या पुढे जातो आपल्याकडे, त्यामुळे एसी घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, म्हातारी माणसं आणि लहान लेकरं असली तर घ्यावाच लागतो कधीकधी. पण चाळीस हजार मोजायच्या आधी घराची एकदा तपासणी करा एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. एनर्जी ऑडिट, म्हणजे वीज कुठे किती जाते याची तपासणी, म्हटलं की लोकांना कारखाना डोळ्यासमोर येतो, आणि ते खरंही आहे, २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात ऑडिटची सक्ती आहे ती जास्त वीज खाणाऱ्या मोठ्या उद्योगांना, तुमच्या माझ्या घराला कोणी विचारायला येत नाही. म्हणून आपणच करायचं. वही, पेन, मोबाईलमधलं घड्याळ, बस.

आधी लाईट बिल काढा. रक्कम बघू नका, युनिट बघा, मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो. समजा जानेवारीला ९० युनिट आणि मे महिन्यात २६०, तर मधले १७० युनिट हे निव्वळ उन्हाशी भांडायला गेले. टीव्ही, मिक्सर, मोबाईल चार्जर तर जानेवारीतही चालूच होते ना. आणि हे वरचे युनिटच सगळ्यात महाग पडतात, कारण १०० च्या पुढे गेलं की दर एकदम चढतो, ३०० च्या पुढे अजून चढतो, त्यावर दर युनिटमागे वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च, वेगळा आणि मग १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे जे वाचतं ते वरच्या, महागड्या टप्प्यातलं वाचतं.

मग मीटरजवळ जा. त्यावर एक बारीक लाल लाईट लुकलुकत असतो आणि शेजारी आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२०० असतो, काहींवर १६०० किंवा दुसरा काही. ३२०० चा अर्थ इतकाच की लाईट ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. आता घरातलं सगळं बंद करा आणि फक्त एक पंखा फुल स्पीडवर लावा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला चार वेळा लुकलुकला तर पंखा ७५ वॅटचा आहे, जुने पंखे साधारण तेवढेच खातात. गिझर लावला की तो लाईट मोजताच येत नाही, मिनिटाला शंभराच्या वर जातो. हे एकदा घरातल्या पोरांकडून करून घ्या, त्यांना फार आवडतं आणि नंतर तेच गिझर बंद करायला पळतात.

आणि सगळी बटणं बंद, फ्रिजचा प्लगसुद्धा काढलेला, इन्व्हर्टर पण बंद, तरी लाईट लुकलुकतोच आहे? मग मेन बोर्डावरची एकेक एमसीबी, म्हणजे त्या त्या लाईनची वीज तोडणारी खटकी, खाली पाडत जा, कोणती पाडल्यावर थांबतो ते बघा, त्या लाईनमध्ये काहीतरी चालू राहिलंय किंवा कुठेतरी लीकेज आहे. जुन्या घरात भिंतीत ओल शिरलेली असते, वायरिंग वीस-तीस वर्षांचं असतं, मला तर याची पैशापेक्षा जिवाची काळजी वाटते. इथून पुढचं काम वायरमनचं, आणि मीटरच्या सीलला हात लावायचाच नाही.

आता मुख्य गोष्ट. स्लॅब.

माझी मावशी भुसावळला राहते, वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब. तिचं म्हणणं, "काय सांगू माय, रात्री दहाला गादी बी तापेल राहते." आणि मुलगा म्हणत होता एसीच घेऊ. मी तिला रात्री जेवणं झाल्यावर स्टुलावर चढून छताला आतून तळहात लावायला लावला, तिने चटकन काढून घेतला. बाहेर वारा सुटला होता तरी छत तापलेलंच. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पीत राहतो आणि ती उष्णता खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून दुपारपेक्षा रात्रीच खोली जास्त भाजते. त्यात पंखा काय करतो, छताखालची तीच गरम हवा अंगावर ढकलतो, हवा गार करणं हे पंख्याचं कामच नाही. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचा थर असायचा, दुपारी तिथे झोप लागायची, ते सोडून आपण स्लॅब घातला आणि त्यावर काहीच केलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मावशीकडे चुना मारला. कळीचा चुना रात्रभर भिजवला, गाळून घेतला, त्यात फेविकॉल आणि थोडं व्हाईट सिमेंट, आधी स्लॅब झाडून धुऊन घेतला आणि वाळल्यावर दोन हात. टाकीजवळचा कोपरा तसाच राहिला होता, ते बरंच झालं, कारण दुसऱ्या दिवशी भर दुपारी अनवाणी पायाने दोन्हीकडे उभं राहून बघता आलं. पांढऱ्यावर पाय टिकतो, काळपट भागावर एक क्षणही नाही. खोलीतला फरक दोन ते पाच अंशांचा सांगतात, घराघरात कमीजास्त होतो, पण मावशीचा कूलर आता पहाटे बंद होतो हे मी स्वतः बघितलंय. अहमदाबादला गरीब वस्त्यांमधल्या छतांना असाच पांढरा रंग दिलाय, तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफचं, म्हणजे छतं थंड ठेवायचं, धोरणच काढलं. आपल्याकडे जळगाव-धुळ्याला याची गरज त्यांच्यापेक्षा कमी आहे का? चुना पावसाळ्यात धुऊन निघतो हे खरं, दरवर्षी मारावा लागतो, कायमचं हवं असेल तर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्या. पत्र्याचं घर असेल तर पत्र्यालाही पांढरा रंग चालतो, शिवाय खाली पीओपी किंवा थर्माकोलची शीट लावली तर अजून बरं, फक्त चुलीपासून लांब.

पश्चिमेच्या भिंतीला आणि खिडकीला बाहेरून हिरवी जाळी लावा. बाहेरून. आतून जाड पडदा लावला तरी काच तापून उष्णता घरात आलेलीच असते.

कूलरबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण आपल्या भागासाठी याच्यासारखं यंत्र नाही. एक लिटर पाणी वाफ होताना जवळपास ०.६५ युनिट इतकी उष्णता हवेतून ओढून घेतं, आणि आपली एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे पाणी भराभर उडतं. कूलर दीडदोनशे वॅट, दीड टनाचा एसी दीड हजारच्या आसपास. पण समोरची खिडकी उघडी पाहिजे, लोक एसीसारखं सगळं बंद करून बसतात आणि मग म्हणतात चिकचिक होते. गवत दरवर्षी बदला, आपल्या बोरच्या पाण्याने त्यावर क्षार बसतात आणि हवा अडते. मृगाचा पाऊस पडला की मात्र कूलरचा उपयोग संपला, तेव्हा नुसता पंखा.

पंख्यात बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्या, ३० वॅटच्या आसपास चालतो. दिवसाला १५ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, चार पंखे असतील तर हिशोब तुम्हीच करा. एसी असलाच तर २४ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. फ्रिजच्या दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून बघा, सहज निघाला तर रबर गेलं. टाकी भरून वाहते तोवर मोटर चालू ठेवू नका, पाणीही जातं आणि वीजही.

सोलरचं सगळ्यात शेवटी बोलते, कारण ते शेवटीच करायचं असतं. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरच्या ३ किलोवॅट सोलरला ७८ हजार सबसिडी आहे आणि एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, ऊन आपल्याकडे भरपूर, साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प उगीच नाही उभा राहिला. पण आधी छत पांढरं करा, पंखे बदला, एक उन्हाळा बिल बघा आणि मग किती किलोवॅट लागतं ते ठरवा, तीनच्या जागी दोनमध्ये भागू शकतं. कोटेशन घेताना स्ट्रक्चर, म्हणजे पॅनल बसवायचा लोखंडी सांगाडा, माणसाला खालून चालता येईल इतकं उंच मागा, पॅनलची सावली स्लॅबला मिळते, धूळ धुता येते आणि उरलेल्या जागेत पुढच्या मार्चला चुनाही मारता येतो.