आमची वाटचाल : भाड्याच्या व्हीएमसीचा तास

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल. कामं बिडाची (ओतीव लोखंडाची): पंपाची कव्हरं, बेअरिंग हाउसिंग, ब्रॅकेट. व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन, शेजारच्या शॉपमधून तासावर घेतो. पूर्वी ऑर्डर आली की तो जॉब लगेच व्हीएमसीवर चढायचा, आणि बिलात निम्मे तास नुसत्या सेटिंगचे, म्हणजे जॉब आणि टूल्स बसवून जुळवण्याचे, असायचे.

हिशोब साधा आहे. तासाला 600 रुपये, सेटिंग 2 तास आणि लोडिंगसकट नगाला 6 मिनिटं धरा. 20 नगांना एकूण 4 तास लागतात, म्हणजे नगाला 120 रुपये. 60 नग एका दमात केले तर 8 तास, नगाला 80. त्यात सेटिंग अर्ध्या तासावर आणली की साडेसहा तास, नगाला 65 रुपये. मशीन तेच, दर तोच.

म्हणून आता क्रम डिलिव्हरीच्या तारखेवर लावत नाही, फिक्स्चरवर (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनावर) लावतो. एकाच बेस प्लेटवर बसणारे आणि तीच टूल्स लागणारे जॉब पाठोपाठ.

सेटिंगचं बरंचसं काम आमच्याच टेबलावर उरकतं. फिक्स्चरच्या तळाला 18 मिमीच्या की (चौकोनी पट्ट्या) बसवल्या आहेत. त्या मशीनच्या टेबलावरच्या खाचांत, म्हणजे टी-स्लॉटमध्ये, उतरल्या की फिक्स्चर सरळ, फक्त एकदा डायल गेज फिरवून खात्री करायची. आदल्या संध्याकाळी ट्रे भरतो: क्लॅम्प, टी-नट, ॲलन बोल्ट, जादा इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धारदार टोकं), प्लग गेज (भोकाचं माप तपासायला), टूल लिस्ट. आपले बीटी-40 होल्डर (टूल धरणारे) नेताना पुल स्टड, म्हणजे मशीन ज्याला धरून होल्डर आत खेचतं तो बोल्ट, त्या मशीनचाच हवा. वरवर सारखा दिसणारा दुसऱ्या कोनाचा स्टड लावला तर टूल नीट पकडलं जात नाही, चालू कटमध्ये सुटूही शकतं. इथे घाई नको.

सगळ्यात जास्त तास खातो तो पहिला नग. तो तपासायला आमच्याकडे आणला तर तोवर मशीनचा स्पिंडल उभा आणि भाड्याचं मीटर चालू. त्यामुळे बोअर गेज घेतलेला तपासनीस मशीनपाशीच उभा असतो.

दुसरी अडचण कास्टिंगची. पातळ कोपऱ्यात बीड चिल (पटकन थंड होऊन फार कडक) झालं असेल तर तिथे इन्सर्टची धार उडते. म्हणून प्रत्येक हीटचे (एका वेळी वितळवून ओतलेल्या मालाचे) दोन-तीन नग आधी आमच्या लेथवर फेस करून (तोंड छिलून) बघतो. कडक लागले तर ती हीट पाठवतच नाही.

इथे गुरुवारी सुट्टी. बुधवारी जॉब अर्धवट राहिला की शुक्रवारी पुन्हा पूर्ण सेटिंग, कारण मध्ये दुसऱ्याचं फिक्स्चर चढलेलं असतं. आम्ही शुक्रवार-शनिवारच्या शिफ्ट घेतो. लेथचं काम बुधवारपर्यंत संपवायचं. त्यासाठी एखादा लेथ सोमवारी रिकामा राहिला तरी चालेल. हे पचायला वेळ लागतो, कारण आपलं मशीन थांबलेलं डोळ्यांना दिसतं आणि भाड्याचं थांबलेलं फक्त बिलात.

मात्र महिन्याच्या मागणीपेक्षा मोठी बॅच लावत नाही. ड्रॉइंग बदललं तर वाचवलेले सगळे तास भंगारात जातात.