खांबाचा पाय

मिशिगनमधल्या मार्शल गावी होनोलुलू हाऊस पाहायला येणारे लोक फोटो काढतात ते मधल्या मनोऱ्याचे. पडवीच्या खांबांच्या पायाकडे कुणी बघत नाही. ॲब्नर प्रॅट १८५७ ते १८५९ हवाईच्या राज्यात अमेरिकेचे कॉन्सल होते. परतल्यावर १८६० मध्ये त्यांनी हे घर बांधलं: लांबलचक पडवी, १५ फुटी छत, १० फुटी दारं. उकाड्याला झकास! इथे मात्र हिवाळाभर पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं.

जुन्या खांबांच्या दुरुस्तीचं आमचं ऑक्टोबरमधलं काम दुसऱ्याच गावातल्या एका खासगी घरात होतं, पण पडवीची हौस तीच. खांबांचा रंग तीन वर्षांत तिसऱ्यांदा सुटलेला, आणि मालक रंगाऱ्यावर चिडलेले. लाकडातला ओलावा मीटरने मोजला: तळाशी २८ टक्के, चार फुटांवर ११. पंधराच्या वर रंग टिकतच नाही. टोचा तिरका खुपसून उचकटला, तर लांब ढलपी निघायच्या ऐवजी लाकूड बिस्किटासारखं तुटलं. कुणीतरी खांबाच्या बुडाभोवती सिलिकॉन भरून 'पक्कं' केलं होतं. वरच्या भेगांतून उतरलेलं पाणी तिथेच कोंडलं, आणि खांबाचं कापलेलं टोक ते वातीसारखं शोषत राहिलं. फटी बुजवणं म्हणजे दुरुस्ती, ही समजूत कधी जाणार कोण जाणे.

खांब ६ इंची. शेजारी टेकू देऊन स्क्रू-जॅकने छत जेमतेम एक सूत (इंचाचा आठवा भाग) उचललं. जास्त उचललं की आतल्या प्लास्टरला तडे जातात. कुजलेल्या भागाच्या वर आणखी दोन इंच टणक लाकडापर्यंत कापलं, १२ इंची अर्धा सांधा (दोन्ही तुकडे निम्म्या जाडीचे कापून एकमेकांत बसवलेले) केला, उभ्या रेषांचं जुनं पाइन जोडलं. टोकाला आधी बोरेट, म्हणजे कूज रोखणारं क्षार-द्रावण. ते पूर्ण वाळल्यावरच पातळ इपॉक्सीचे दोन हात, नाहीतर ते धरत नाही. त्यातून थंडीत वाळायलाही दुप्पट वेळ.

वाद झाला तो पुढे. खांब चार सूत उचलून खाली हवा खेळणारी ॲल्युमिनियमची बैठक द्यायची होती. आपल्या वाड्यांत तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, तेच तर करतो, लाकूड जमिनीपासून तोडतो. मालक म्हणाले, जुन्या फोटोत खांब टेकलेला दिसतो. दिसतो खरा. शेवटी बैठक झाकणारी पट्टी लावली, जमिनीपासून एक सूत वर.

ती फट त्यांना खुपतेय. मे महिन्यात मीटर घेऊन जायचं आहे. तोवर तिथे सिलिकॉन भरलेलं नसलं म्हणजे मिळवली.