चिंगीचं भुंकणं कमी होत गेलं ते असं

चिंगी आमच्याकडे जानेवारीत आली, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं बहुतेक पावसाळा सरल्यावर, थंडीत होतात. ही त्यातलीच, एका बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाआड जन्मलेली. आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट दाराला लागून, गॅलरीखाली रस्ता. सुरुवातीला ती कोपऱ्यात नुसती बसून असायची. मग तिला कंठ फुटला. लिफ्टचं दार, बेल, कुकरची शिट्टी, खालून जाणारा भंगारवाला, आमचं जेवण, आमचं बाहेर पडणं, कशालाही भुंकायची.

सोसायटीच्या ग्रुपवर कुरबुर सुरू झाली. मी आधी नियम वाचून घेतले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुत्रं भुंकतं एवढ्या कारणावरून सोसायटीला ते पाळायला बंदी घालता येत नाही. पण त्याच सूचनांमध्ये पाळणाऱ्यांनाही बजावलंय की सततच्या भुंकण्याचा शेजाऱ्यांना त्रास होतो, तेव्हा कुत्रं शांत राहील, विशेषतः रात्री, यासाठी कसोशीने प्रयत्न करा. मला दोन्ही गोष्टी सारख्याच पटतात. आमच्या खालच्या घरात तान्हं बाळ आहे. त्याची झोपमोड होत असताना कागद पुढे करणं मला जमलं नसतं.

लस द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी कान, पोट, जंत सगळं तपासलं. दुखत-खुपत असलं तरी पिल्लं भुंकतात, म्हणून हे आधी. मग म्हणाले, "ती कधी भुंकते, त्याच्या आधी काय झालं आणि कशाने थांबली, एवढं आठवडाभर लिहून आणा. उपाय नंतर बोलू."

फ्रिजवर वही टांगली. घरात जो असेल त्याने लिहायचं. वही भरत गेली तसं दिसायला लागलं की हे एक भुंकणं नाहीच, चार-पाच वेगवेगळी आहेत. बेल वाजली की जाड, तुटक, शेपटी ताठ. आम्ही जेवायला बसलो की एकसुरी, आमच्या तोंडाकडे बघत. एकटी राहिली की भुंकण्यातच विव्हळणं. आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला कशाचंही निमित्त नसताना, घरभर धावत, कापडं ओढत, थांबतच नाही असं.

हे संध्याकाळचं सगळ्यात आधी सुटलं, कारण ती बिचारी झोपेला आली होती. एवढ्या लहान पिल्लाला दिवसातून १८ ते २० तास झोप लागते. आमच्या घरात दिवसभर माणसांची ये-जा. प्रत्येक जण तिला उचलणार, खेळवणार. झोप मोडायची आणि संध्याकाळी तिचा ताबा सुटायचा. मग आतल्या खोलीत, पलंगाशेजारी, जुन्या गोधडीचं अंथरूण आणि वर चादर टाकलेला पिंजरा केला. पिंजऱ्याचं दार कायम उघडं. तासभर जागी राहिली की तिकडे न्यायचं, पंखा लावायचा, खोलीत कोणी जायचं नाही. आईने तर दुपारी पाहुण्यांनाही सांगून टाकलं, "चिंगी झोपलीय, हळू बोला." घरात बाळ असावं तसं. आठवड्याभरात संध्याकाळचा गोंधळ जवळजवळ बंद झाला. पिल्लू फार भुंकतं म्हणून कोणी विचारलं की मी आजही पहिला प्रश्न तिच्या-त्याच्या झोपेचाच विचारते.

जेवतानाच्या भुंकण्याला उपाय साधा आहे आणि पाळायला अवघड. भुंकली की ताटातलं काही मिळत नाही, कोणी बघत नाही, कोणी "गप्प बस" असंही म्हणत नाही. कारण ओरडणं हेसुद्धा तिच्या लेखी लक्ष देणंच. गप्प राहिली की लगेच तिच्या वाडग्यात काहीतरी पडतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की भुंकणं आधी वाढेल. जे आजवर चाललं ते चालेनासं झालं की पिल्लू तेच अजून जोरात करून बघतं. तसंच झालं. त्या दिवसांत बाबांचा हात भाकरीच्या तुकड्यासकट टेबलाखाली जायचा. मी म्हटलं, "बाबा, आत्ता दिलंत तर तिला कळेल की जोरात भुंकलं की मिळतं." त्यांना ते पटलं आणि ते चिंगीच्या बाबतीत घरातले सगळ्यात कडक झाले.

खरं काम बेलचं होतं. बेल वाजली की ती दाराकडे झेपावायची आणि उघडल्यावर माणूस निघून जायचा. कुरिअरवाला जाणारच असतो, पण तिच्या हिशेबात आपण भुंकलो म्हणून तो गेला. मी बेलचा आवाज मोबाइलमध्ये रेकॉर्ड केला. अगदी बारीक आवाजात, तिचे कान जरासे हलतील पण ती उठणार नाही इतक्या, वाजवायचा आणि लगेच पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा द्यायचा. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग पनीर. उलटं झालं तर पनीर दिसलं की ती सावध व्हायला शिकते. आवाज फार हळूहळू वाढवला. भुंकली तर त्या दिवशी आवाज एक पायरी खाली. काही दिवसांनी बेल वाजली की ती दाराऐवजी माझ्या हाताकडे बघायला लागली. तेव्हा दारापासून लांब एक चटई टाकली आणि पनीर फक्त चटईवरच द्यायला लागले.

"शांत" हा शब्दही तेव्हाच शिकवला. ती दोन-तीनदा भुंकली की मूठ नाकाशी न्यायची. हुंगायला लागली की भुंकणं आपोआप थांबतं. त्या क्षणी हळू आवाजात "शांत", दोन श्वास थांबायचं आणि मूठ उघडायची. मग दोनाचे पाच, पाचाचे दहा. मूठ रिकामी ठेवून तुकडा दुसऱ्या हातातून द्यायला लागले, तेव्हा शब्दाला खरं वजन आलं.

खऱ्या माणसाशिवाय हे पक्कं होणार नव्हतं. खालच्या काकूंकडे गेले. "काकू, दिवसातून एकदा आमची बेल वाजवाल का? ती चटईवर गेली की तुम्हीच तिला पनीर द्या." काकू म्हणाल्या, "अगं, त्यात काय, येते की. बाळालाही घेऊन येते, तिलाही सवय होईल." ग्रुपवर तक्रारीचा पहिला मेसेज त्यांचाच होता. आज चिंगी त्यांच्या पायातली चप्पल जिन्यात ओळखते.

एकटं राहणंही असंच थोडंथोडं. किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या. दाराबाहेर जायचं, ती आवाज करायच्या आत परत यायचं, काही समारंभ न करता. खिडकीच्या खालच्या काचांना ट्रेसिंग पेपर लावला, रस्त्यावरची कुत्री दिसेनाशी झाली, तिथलं भुंकणं संपलं.

भुंकणं थांबवणारे पट्टे ऑनलाइन मिळतात, शॉक देणारे, फवारा मारणारे. कृपा करून पिल्लाला ते लावू नका. भ्यालेल्या जिवाला वेदना दिली की आवाज बंद होतो, भीती तशीच राहते. असं कुत्रं पुढे इशारा न देता चावू शकतं. त्यापेक्षा भीती मुळात बसूच नये हे बघावं. पिल्लाचा जग ओळखायचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंतचा, आणि लसींचे डोस पुरे होईपर्यंत पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या भीतीने बाहेर जमिनीवर सोडता येत नाही. म्हणून मी तिला झोळीत घालून रोज खाली न्यायचे. हेल्मेट, छत्र्या, रिक्षा, शाळेतून सुटलेली मुलं, सगळं झोळीतूनच बघितलं तिने.

जुलैत नदीकडेला ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, याची मला धास्ती होती. मार्चपासूनच तिच्या जेवणाच्या वेळी ढोलाचं रेकॉर्डिंग बारीक आवाजात लावत होते. सरावाच्या पहिल्या संध्याकाळी ती उठली, एकदा भुंकली, "शांत" म्हटल्यावर चटईवर गेली आणि पनीरची वाट बघत बसली.

आता राहिलाय तो गॅसचा सिलिंडर. जिन्यावर तो आपटत येतो तो आवाज मोबाइलमध्ये नीट पकडता येत नाही, आणि तो येतोही महिन्या-दीड महिन्याने. परवा सिलिंडरवाल्या दादांना विचारलं, रिकामा सिलिंडर खाली नेताना दोन पायऱ्यांवर हळू वाजवाल का म्हणून. हो म्हणालेत.