मागचा कानोसा

वाढदिवसाला लेकीने मला आरसा दिला. दाढीचा नव्हे, सायकलचा. पाणीपुरीच्या पुरीएवढा गोल, हँडलच्या उजव्या टोकाला अडकवायचा.

"बाबा, तू मागे बघतच नाहीस," ती म्हणाली.

"बघत नाही, ऐकतो," मी म्हटलं. यावर मायलेकींनी एकमेकींकडे जे पाहिलं ते मला दिसलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आमच्या घरात मला कोणी देत नाही.

पण रस्त्यावरचे माझे कान निराळे आहेत. ते पुण्यात, सायकलींचं शहर म्हणत होते त्या पुण्यात तयार झाले. शाळेत जाताना धाकटी बहीण कॅरिअरवर उलटी बसायची, माझ्या पाठीला पाठ लावून. मागचा सगळा कारभार तिच्याकडे. "रिक्षा!" "टेम्पो, लांब आहे!" "बाईंची लूना, हळू घे, मला बघतील!" डबलसीट दिसली की चाकाची हवा सोडण्याचे ते दिवस, त्यामुळे चौकातला हवालदारही तिच्याच खात्यात. पुढे तिने स्वतःची सायकल घेतली आणि माझी पाठ उघडी पडली. तेव्हापासून कानोसा घ्यायची सवय लागली.

त्या काळी गाड्या नाव सांगून यायच्या. चेतकची फटफट थोडी घोगरी, लूनाची किरकिरी, बुलेट आधी छातीत वाजायची आणि मग कानात. एसटीचा तर सगळा पत्राच बोलायचा. नुसत्या आवाजावरून कळायचं, हा बाजूने जाईल, हा अंगावर घालेल. रिक्षाचा आवाज एकदम खाली आला तर समजायचं की त्याला माझ्या पुढे जाऊन, बरोबर माझ्यासमोरच, सवारी घ्यायची आहे.

कानाचंही गणित आहे. डावीकडचा आवाज उजव्या कानाला पोहोचायला उशीर होतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकासुद्धा नसतो, पण मेंदू तेवढ्यावर दिशा ओळखतो. नेमका पाठीमागून येणारा मात्र दोन्ही कानांत एकदमच शिरतो, अगदी समोरून आल्यासारखा. तिथे कानाच्या बाहेरच्या घड्या उपयोगी पडतात, मागून येणारे बारीक, वरचे सूर त्यांच्याआड जरा दबतात. त्यात सायकल उतारावर सुटली की वारा कानात शिट्ट्या घालतो. मग मान जराशी तिरकी करायची, एका कानातला वारा पडतो आणि मागचा रस्ता पुन्हा ऐकू येतो. लोकांना वाटतं, काका कसल्या तरी विचारात आहेत.

तरी मागे वळून बघ ना, असं म्हणणाऱ्यांनी एकदा उजव्या खांद्यावरून बघत सरळ सायकल चालवून दाखवावी. मान उजवीकडे गेली की खांदा जातो, खांद्यामागे हात आणि हातामागे हँडल. ज्या ट्रकला बघायला वळलो त्याच्याच वाटेत हळूच सरकतो आपण. उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवायचा आणि मग बघायचं, ही युक्ती मला चाळिशीनंतर कळली.

आमच्या रविवारच्या कंपूतल्या एकाकडे रडार आहे. सीटखाली बसतं, मागची गाडी १४० मीटरपासून ओळखतं आणि समोरच्या पडद्यावर ठिपका वर वर सरकू लागतो. त्या किमतीत माझी अख्खी सायकल येते. शिवाय सातारा रस्त्याला लागलो की त्या पडद्यावर मुंग्यांची रांगच लागते. कुठली मुंगी चावणार हे काही ते सांगत नाही.

आणि आता गाड्या मुक्या झाल्या. १९७२ साली आकुर्डीहून निघालेली चेतक २०२० मध्ये विजेवर परत आली. राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव, पण टापांचा आवाज नाही! २०१९ पासून पुण्यात विजेच्या बसही धावतात. वेग असला तर टायरची सरसर ऐकू येते. हळू असली की एवढी मोठी बस मांजरीच्या पावलांनी येते. युरोपात नव्या नमुन्याच्या विजेच्या मोटारींना ताशी २० किलोमीटरच्या आत कृत्रिम आवाज काढायची सक्ती २०१९ मध्येच झाली. आपल्याकडे हॉर्न आहेच म्हणा.

तर आरसा लावला. दोन दिवसांत कळलं की त्यात मुख्यत्वे माझं कोपर दिसतं. उरलेल्या जागेत, बहिर्वक्र असल्यामुळे, मागचा डंपर काड्यापेटीएवढा आणि पार पलीकडच्या गावात दिसतो. पेव्हर ब्लॉकवरून गेलं की काड्यापेटीच्या चार काड्यापेट्या.

गेल्या आठवड्यात पहाटे खडकवासल्याला निघालो होतो. सिंहगड रस्त्याच्या एका पट्ट्यात दिवे गेलेले, मागे गाडी नाही, समोर गाडी नाही. कानात नुसता माझ्या चेनचा आवाज. अचानक समोरच्या डांबरावर माझ्या पायांची सावली पडली. मान खाली घालून आरशात पाहिलं तर पांढरा लख्ख गोळा, बाकी काही नाही. कान म्हणत होते, मागे कोणी नाही.

मी सावलीकडे बघत राहिलो. दोन दिव्यांच्या दोन सावल्या, एक जराशी डावीकडे झुकलेली, एक उजवीकडे, दोघींतले पाय कात्रीसारखे उघडमीट करत. गाडी बाजूने जाणार असेल तर ती उजवीकडे सरते आणि दोन्ही सावल्या डावीकडे वळू लागतात. माझं त्यावरच लक्ष. सावल्या वळेनात. गडद होत होत्या, आखडत होत्या, पण डावी डावीकडेच आणि उजवी उजवीकडेच. म्हणजे जे काही होतं ते बरोबर माझ्या पाठीवर होतं. मी मुकाट्याने हँडल डावीकडे घेतलं आणि खडीत उतरलो. सावल्या सर्रकन बाजूला फिरल्या आणि शेजारून एक अख्खी बस उजेड घेऊन, नुसती सरसर करत निघून गेली.

पुढच्याच थांब्यावर ती उभी होती. उजवीकडून पुढे जाताना ड्रायव्हरने खिडकीतून हात केला.

"काका, बरं झालं आरसा लावलाय. वेळेत दिसलो तुम्हाला."

घरी आल्यावर लेकीने चहा देता देता विचारलं, "आरसा कामाला येतोय ना?"

"येतोय," मी म्हटलं आणि बशीत चहा ओतला.