विंडोजवाले, मॅकवाले आणि आमचं खळं

मुंबईतल्या चाकरमान्याला गाव आठवतं ते त्यानं सोडलं त्या वर्षीचं. त्याच्या हिशेबी साकव ओलांडून अजून चालतच जावं लागतं, फोन अजून पोस्टातच आहे आणि वरच्या आवाठातला अमका अजून पिऊन पडतो. वास्तविक साकवाच्या जागी पूल होऊन दोन निवडणुका उलटल्या आणि अमक्यानं केव्हाच माळ घातली. पण हे सांगणार कोण, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण?

कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण सगळेच असे चाकरमानी. विंडोज ९८ ला कंटाळून ज्यानं विंडोज सोडलं, त्याच्या मनातलं विंडोज अजून दिवसाआड निळा पडदा दाखवून मरतं. कुणीतरी कधीतरी एका रविवारी विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी यंत्रणा घालून बघितली, वायफाय सापडेना म्हणून सोमवारी काढून टाकली. त्याच्या लेखी लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर कमांडी बडवणाऱ्या दाढीवाल्यांची जमात. मॅकवाले तर काय, पैसेवाले, कॅफेत बसणारे, आणि झाकणावरच्या सफरचंदापलीकडे यंत्राची माहिती शून्य!

गणपतीत या तिन्ही जाती आमच्या एकाच खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरतात. पुतण्या पुण्याहून मॅकबुक घेऊन येतो. भावोजी लिनक्सवाले, त्यांना दाढी नाही पण बाकी सगळं आहे. मी ऑफिसनं दिलेलं विंडोज निमूट वापरणारा. हल्ली सुट्टीतही लॅपटॉप सोबत आणावा लागतो, त्यामुळे भजन आटोपून मंडळी पांगली की पडवीत तीन पडदे उघडतात आणि भांडण सुरू होतं.

गंमत अशी की भांडणात माहिती भरपूर असते, फक्त ती सगळी स्वतःच्या घराण्याची. भावोजी मॅकला शोभेचं खेळणं म्हणतात. त्या खेळण्याच्या पोटात २००१ पासून युनिक्स या जुन्या, मानाच्या घराण्यातली यंत्रणा आहे आणि २००७ च्या लेपर्ड आवृत्तीला तर युनिक्स असल्याचं रीतसर प्रमाणपत्रही मिळालं. उलट लायनस टॉर्व्हल्ड्सनं हेलसिंकीत शिकत असताना १९९१ साली लिहायला घेतलेलं लिनक्स हे युनिक्ससारखं. बहुतेक लिनक्सांकडे ते प्रमाणपत्र नाही. मग सोवळं कुणी कुणापासून पाळायचं? पुतण्या ज्या विंडोजला हसतो ते जुनं, डॉस या त्याहून जुन्या यंत्रणेच्या पायावर उभं होतं. एनटी नावाची वेगळ्या पायाची विंडोज १९९३ सालीच आली होती, आणि २००१ साली एक्सपीच्या रूपानं ती घराघरांत शिरली. त्याच सुमाराची जुनी मॅक मंडळी काय सोसत होती, हे मात्र त्याच्या गावी नाही. मॅक ओएस ९ पर्यंत एखादा प्रोग्राम अडकला की बहुधा सगळं मशीनच त्याच्याबरोबर गोठायचं.

‘मॅकला व्हायरस येतच नाही,’ हे पुतण्याचं ठेवणीतलं वाक्य. ते ऐकलं की भावोजींना उत्साह चढतो. २०१२ साली फ्लॅशबॅक नावाच्या एका ट्रोजननं, म्हणजे साळसूद वेषात शिरणाऱ्या घातक प्रोग्रामनं, सहा लाखांच्या आसपास मॅक धरले होते, तो आकडा त्यांना आपल्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे. (ताईचं निरीक्षण.) मीही मग विंडोजच्या बाजूनं दोन शब्द टाकतो. १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळं, बँका खोळंबल्या, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानं ८५ लाख मशिनं निळी पडली, तेव्हा सगळ्यांनी विंडोजच्या नावानं बोटं मोडली. दोष होता क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका अपडेटचा. तिचा प्रोग्राम यंत्रणेच्या गाभ्यात बसून चालायचा, म्हणून तो कोसळला की सगळंच कोसळलं. यावर भावोजी म्हणतात, ‘गाभ्यात घेतलंच कशाला?’ हे मात्र बिनतोड.

या प्रतिमा सगळ्या काही आपोआप तयार झाल्या नाहीत. २००६ ते २००९ या काळात ॲपलनं जाहिरातींची एक मालिकाच चालवली होती. मॅक म्हणजे जीन्समधला सुटसुटीत तरुण, पीसी म्हणजे कोटटायमधला गुबगुबीत कारकून. मॅक झालेला नट जस्टिन लाँग २०२१ साली इंटेलच्या जाहिरातींत पीसीची तारीफ करताना दिसला. नटाचं पोट आहे, त्याला दोष नाही. पण त्याच्या जुन्या जाहिरातींवर पोसलेली मतं त्याच्याबरोबर बदलली नाहीत. आणि लिनक्सवाल्याला दाढी हवीच असेल तर माझ्या आईचं काय करायचं? तिच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे, आणि ती त्यावर रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फुलं पाठवते.

हे सगळं ज्ञान गेल्या गणपतीत एका फाइलपुढे बसलं. देवस्थानचा जुना अहवाल. मंदिराच्या कमिटीनं पेनड्राइव्ह आणून दिला, ‘तुम्ही कॉम्प्युटरवाले’ म्हणून. मॅकवर उघडली तर रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हं यांची खिचडी. लिनक्सवर तीच. माझ्याकडे तीच. तिघांनी एकमेकांच्या मशीनला दोष देऊन झाला, मग एसटी स्टँडजवळच्या डीटीपीवाल्याकडे गेलो. लग्नपत्रिका, सातबारा, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सगळं एका गाळ्यात. जुनं विंडोज, पिवळा पडलेला कीबोर्ड. खाऱ्या हवेनं रॅमचे संपर्क काळवंडतात म्हणून खोडरबरानं घासून ती परत बसवत होता. पुतण्यानं भावोजींकडे बघितलं. मॅक आणि लिनक्स यांचं त्या क्षणी प्रथमच एकमत झालं.

त्यानं रॅम बसवली, मशीन चालू केलं, फाइल उघडली आणि खिचडीकडेच बघत म्हणाला, ‘ह्यो कृतिदेव. शब्दात नको थंय एफ दिसता मा, ती पयली वेलांटी. झेड म्हणजे रफार.’

म्हणजे तो ती खिचडी चक्क वाचत होता. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षराचं चित्र रोमन अक्षराच्या जागी बसवलेलं असतं, फॉन्ट नसला की खालचं रोमन उघडं पडतं, इथपर्यंत भावोजींनाही ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. कृतिदेवात पहिली वेलांटी दिसते तशीच अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडात, म्हणजे सगळ्या मशिनांवर चालणाऱ्या आजच्या पद्धतीत, ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलट. त्यामुळे कृतिदेवाचं युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरला दोन्हींची जागा बदलावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो हमखास गडबडतो. ‘स्थिती’, ‘मूर्ती’, ‘कीर्तन’ असले शब्द हा बाबा एकेक करून हातानं तपासत गेला. देवस्थानच्या अहवालात असल्या शब्दांना काय तोटा! मधे लाइट गेली, इन्व्हर्टर कुईकुई करू लागला, तेवढ्यात त्यानं सेव्हही करून ठेवलं होतं.

पुतण्या जरा वरमला असावा. मॅकबुक काढून म्हणाला, ‘दादा, यात घ्या ना फाइल.’

डीटीपीवाल्यानं ट्रॅकपॅडवर नुसतंच बोट ठेवलं. ‘ह्याका राइट क्लिक नसता मा?’

‘असतो की.’ पुतण्यानं दोन बोटं टेकवली, मेनू उघडला.

‘ह्या कधीपासना?’

मग कळलं, हा गृहस्थ गावी परतण्याआधी लालबागच्या एका छापखान्यात होता आणि तिथं मॅकवरच पानं लावायचा, एका बटणाच्या माऊसनं. म्हणजे आम्ही ज्याला विंडोजवाला समजून गेलो तो आम्हां तिघांत कुणाच्याही आधीचा मॅकवाला. त्याच्या मनातला मॅक अजून लालबागलाच होता, एवढंच.

‘क्वार्क चलता काय रे ह्याच्यार?’ त्यानं आस्थेनं विचारलं.

‘क्वार्क म्हणजे?’ पुतण्या म्हणाला.

डीटीपीवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मुलाला मी काही शिकवलंच नाही. मग पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर चौकटी काढून, क्वार्क या पानं लावायच्या प्रोग्रामात एका चौकटीतला मजकूर दुसरीत कसा ओढून न्यायचा, ते तो पुतण्याला समजावून सांगू लागला.

‘लिनक्सवर त्याच कामाचं स्क्रायबस आहे,’ भावोजी मधेच म्हणाले, ‘आणि ते फुकट आहे.’

दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.