वडिलांचा व्यवसाय

शाळेच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिही, असा निरोप आला तेव्हा मी आधी जुन्या कागदांतून नववीचा फी सवलतीचा अर्ज शोधून काढला. जून १९८२. त्यातल्या ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात बाईंनी पेन्सिलीने ‘गिरणी कामगार’ लिहिलंय. त्या वर्षी वर्गातल्या निम्म्याअधिक अर्जांवर तेच होतं, आणि तेही पेन्सिलीनेच. ‘संप मिटला की पेनाने गिरवू,’ असं बाई म्हणाल्या होत्या. १८ जानेवारीला सुरू झालेला मुंबईतल्या गिरण्यांचा तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही, त्यामुळे गिरवायचंही राहून गेलं. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, ‘मी बेकार नाय, संपावर हाय.’

बाबा १९५४ साली जैतापूरहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा सतरा वर्षांचे होते. लालबागमध्ये आमच्या गावच्या मंडळाची एक खोली होती. एका खोलीत पंचवीसेक माणसं. ट्रंका भिंतीला लावलेल्या, वळकट्या दोरीवर, आणि झोपणं पाळीप्रमाणे. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याच्या जागेवर पथारी टाकायचा. जेवण शेजारच्या चाळीत एका मावशींच्या खानावळीत. गिरणीत त्यांना चिकटवलं ते गावच्याच जॉबरने, म्हणजे गिरणीत माणसं लावणाऱ्या मुकादमाने. त्याबद्दल पहिल्या दोन पगारांतून त्याला काहीतरी द्यावं लागलं, पण बाबांनी ते कधी लाच म्हणून सांगितलं नाही. गावचा माणूस, त्याने पोटाला लावलं, एवढंच. दर दसऱ्याला त्याच्या घरी सोनं द्यायला आम्हाला घेऊन जायचे.

मुंबईत कुणाच्या तरी ओळखीने शिरायचं, हे आमच्या घरात असं पक्कं बसलं होतं. दादा नववीत नापास झाला, तेव्हा घरात फारसं रडणं-ओरडणं झालं नाही. ‘नाय तर नाय, साच्यावर उभा राहील.’ साचा म्हणजे गिरणीतला माग. १९८० साली अठरा पूर्ण होताच बदली पास मिळाला. सकाळी गेटवर जायचं, कुणी खाडा केला असेल तर आत घेतील, नाहीतर परत. बाबांना त्यात वावगं वाटलं नाही, तेही असेच लागले होते.

आणि मी? माझ्या शिक्षणाबद्दल कौतुक होतं तेव्हा मला थोडं हसू येतं. मला शिकवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. आजीच्या काळात बाया गिरणीत रिळींगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला, जायच्या, पण माझ्या वेळेपर्यंत गिरणीत बायांची नवी भरती जवळजवळ बंदच झाली होती. जॉबरमामांकडे माझ्यासाठी जागा नव्हती. मला कुठे चिकटवायचं हे कुणाला सुचलं नाही, म्हणून मी शाळेत राहिले. संपात आईने चार डबे करायला घेतले, पण त्यातले दोघे गावाला निघून गेले. मग घरीही माझं फारसं काम उरलं नाही.

पुढे दादर परिसरातल्या शाळांचा कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाल्याचं कळलं. जातभाईंच्या ओळखीने कामाला लागायची सवय असलेल्या घरांत मुलगे मराठी माध्यमात आणि बापाच्याच वाटेवर अडकत गेले, आणि त्या साखळीत ज्यांना जागाच नव्हती त्या मुली इंग्रजीकडे वळल्या, असं त्याचं थोडक्यात म्हणणं. मी कुठे इंग्रजी माध्यमात गेले? आपल्याच शाळेत इंग्रजीच्या सरांनी डिक्टेशन घेऊन घेऊन जे घोटून घेतलं, त्यावर टायपिंगची ४० शब्दांची परीक्षा दिली आणि एका विमा कंपनीत लागले. पण दादाचं आणि माझं मात्र त्यात अचूक आलंय.

दादा भिवंडीला पॉवरलूमवर गेला. बारा-बारा तास, रजा नाही, फंड नाही. हातातली कला होती तीच, पण पगार निम्मासुद्धा नाही. त्याने मुलाला इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हा आमचं मोठं भांडण झालं. ‘तुझ्या मराठी शाळेने मला काय दिलं?’ तो म्हणाला. मी म्हणाले, तू नववीपर्यंतच होतास. महिनाभर बोलला नाही. आता वाटतं, ते म्हणायला नको होतं. त्याला शाळेतून काढताना मीही त्याच घरात होते, आणि मला ते बरोबरच वाटलं होतं.

मागच्या गणपतीत माझ्या लेकीने सांगितलं की तिला नवी नोकरी लागली, कॉलेजातल्या एका सीनियरने रेफर केलं म्हणून. दादाने विचारलं, रेफर म्हणजे? तिने समजावलं.

‘म्हणजे जॉबरच की,’ दादा म्हणाला. ‘त्याला किती द्यायचे?’

‘मामा, मी नाही द्यायचे. उलट कंपनीच त्याला बोनस देते.’

दादा बराच वेळ मोदक हातात धरून बसला होता.