सरांनी वर्गात घेतलेली निवडणूक

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि इतिहासाच्या सरांशिवाय दुसरं काही सुचेना. त्यांचं नाव सांगायला नको. आपल्या शाळेत ‘सर’ म्हटलं की तेच.

नववीत निवडणूक सुधारणांपूर्वीचं इंग्लंड शिकवताना सरांनी खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावर डस्टर ठेवलं. “हे ओल्ड सॅरम. ओसाड टेकडी, पण खासदार दोन!” मग आमच्या दाटीवाटीच्या रांगांकडे वळले. “तुम्ही मँचेस्टर. गिरण्या तुमच्या, धूर तुमचा, खासदार एकही नाही.” मुलींना तर मतच नव्हतं. मुली चिडल्या, आणि सरांना तेच हवं होतं.

मग वर्गात निवडणूक झाली. जमीनदार स्वतः सर, कुळं आम्ही. मतदान उघड, सर्वांदेखत. कोणत्या कुळाने कोणाला मत दिलं, ते सर वहीत टिपून घेत होते. आमच्या मॉनिटरने जमीनदाराच्या उमेदवाराविरुद्ध हात वर केला. सर शांतपणे म्हणाले, “उद्यापासून शेत सोडायचं.” आणि त्याला बाकावरून उठवलं. तास संपेपर्यंत बिचारा उभा होता.

उमरावांचं सभागृह जन्माने मिळायचं. परगण्यात वर्षाला 40 शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल त्यालाच मत, आणि हा नियम 1430 पासूनचा. ते ओल्ड सॅरम तर हिंदुस्थानच्या व्यापारात गबर झालेल्या टॉमस पिटने चक्क विकत घेतलेलं! हाच पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि त्याचा नातू विल्यम 1735 मध्ये तिथूनच संसदेत गेला. मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात हक्क मागायला जमलेल्या माणसांवर 1819 मध्ये घोडेस्वार घातले, हे सांगताना सरांचा आवाज कापायचा. 1832 च्या निवडणूक सुधारणा कायद्याचं कौतुकही ते हातचं राखूनच करत. 56 ओसाड मतदारसंघ गेले, मँचेस्टरला दोन खासदार मिळाले. पण गिरणीतल्या मजुराला मत मिळालं नाही, हे ते पुन्हा पुन्हा बजावत.

आज मी महसूल खात्यात आहे. निवडणुकीच्या कामावर असताना केंद्रात पुठ्ठ्याचा आडोसा लावून घेतो, तेव्हा सरांची ती वही आठवते. इंग्लंडच्या मतदाराला गुप्त मतदान 1872 मध्ये मिळालं, हेही त्यांनीच शिकवलं. आडोसा जरा वाकडा लागला तरी मी तो काढून पुन्हा लावायला सांगतो.

हल्ली इतिहासाचा तास प्रश्नसंचावर उरकला जातो, याचं फार वाईट वाटतं. महोत्सवाच्या निधीतून शाळेत इतिहासाची स्वतंत्र खोली व्हावी आणि तिला सरांचं नाव द्यावं, ही समितीला विनंती. नकाशांचा खर्च आमची तुकडी उचलेल.